पोत्यात हळद, बाटलीतही हळद

सांगली जिल्ह्यातून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"डॉक्टरबाई, माझं वय ४६. मोठ्या बहिणीला ४९व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं, केमो झाली, आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी रोज चालू आहे. तेव्हापासून मी धास्तावले आहे. नणंदेच्या ओळखीतल्या एक बाई नैसर्गिक उत्पादनं विकतात. त्यांच्याकडून हळद-मिरीच्या कॅप्सूल, ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या आणि गव्हांकुराची पावडर घेते, बहिणीलाही देते. महिन्याला साडेतीन हजार जातात. ग्रुपवर लक्ष्मणफळ आणि जर्दाळूच्या कडू बियांबद्दलही येतं. सगळं झाडापासूनच आहे, मग अपाय तर नाही ना? मागच्या वेळी बहिणीच्या रक्तात लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध घेता का? ती नाही म्हणाली, कारण ही औषधं थोडीच आहेत! आणखी काय खावं म्हणजे कॅन्सर होणार नाही? हळद आमच्याच शेतातली असते. घरात तंबाखू-दारू कुणाला नाही, फक्त सासूबाई मिश्री लावतात आणि ह्यांना जेवणानंतर सुपारी लागते. बहिणीच्या डॉक्टरांनी मलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं, पण आधी ऊस गेला, मग लेकीची परीक्षा आली, राहून गेलं. लेक चौदाची आहे, डिसेंबरात पंधरा पूर्ण होतील."

ताई, पत्र वाचता वाचता मी तीन ठिकाणी पेन्सिलीनं खुणा केल्या. गंमत म्हणजे त्यातली एकही खूण तुमच्या प्रश्नावर पडली नाही. त्या कुठे पडल्या ते सांगतेच, पण त्याआधी एक काम आजच करा.

बहिणीला फोन लावा आणि तिन्ही डबे बंद करायला सांगा. पुढच्या भेटीला ते डबे पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवायचे. तोंडी नाव सांगून भागणार नाही, कारण मागच्या लेबलवर किती मिलिग्रॅम काय आहे ते त्यांना वाचू दे. टॅमॉक्सिफेननंही लिव्हरचे आकडे वाढू शकतात, त्यामुळे दोष कॅप्सूलचाच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण "दुसरं काही घेत नाही" या उत्तरामुळे डॉक्टर भलत्याच ठिकाणी शोधत बसतील आणि कदाचित जी गोळी तिला हवीच आहे तीच थांबवतील. टॅमॉक्सिफेन मात्र स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, एक दिवससुद्धा.

आता हळद. तुमच्या पट्ट्यातल्या लोकांना मी हळद काय शिकवणार! हळकुंडं शिजवताना येणारा तो वास, पॉलिशच्या ड्रमाचा खडखडाट, हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं. तर हिशेब फक्त करून बघू. हळदीत पिवळं रंगद्रव्य असतं, कर्क्युमिन. कॅन्सरसाठी जे काही संशोधन होतं ते बहुतेक त्याच्यावर. साधारण शंभर ग्रॅम हळदीत ते तीनेक ग्रॅम असतं, जातीप्रमाणे कमी-जास्त. तुमच्या घरी पाच माणसांच्या दोन वेळच्या स्वयंपाकात दोन चमचे हळद पडत असेल असं धरू. म्हणजे माणशी सव्वा ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात कर्क्युमिन पस्तीस-चाळीस मिलिग्रॅम. तुम्ही घेता त्या प्रकारच्या एका कॅप्सूलमध्ये साधारण पावणेपाचशे मिलिग्रॅम असतं. एका कॅप्सूलसाठी पाच चमचे हळद खावी लागेल. दिवसाला दोन घेतल्या तर जेवणातल्या हळदीच्या पंचवीसपट झालं. आजी-पणजीनं पिढ्यानपिढ्या खाल्लेली ती हळद, आणि बाटलीतली ही हळद, यांचं नाव एक आहे एवढंच. पिढ्यांचा अनुभव पहिलीच्या नावावर जमा आहे, दुसरीच्या नाही.

त्यात मिरी का घालतात? कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही, आणि जे जातं त्याला लिव्हर लगेच शिक्का मारून बाहेरचा रस्ता दाखवतं. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की मिरीतलं पायपरीन २० मिलिग्रॅम सोबत दिलं तर रक्तातलं कर्क्युमिन सुमारे वीसपट होतं. तेव्हापासून जगभरच्या कॅप्सूलमध्ये मिरी शिरली. पण ती करते काय, तर शिक्का मारणाऱ्याचा हात धरून ठेवते. आणि त्या टेबलावरून फक्त कर्क्युमिन जात नाही, तुमच्या बहिणीच्या बाकीच्या गोळ्याही जातात. टॅमॉक्सिफेनचं तर उलटं आहे, ती कच्ची गोळी आहे, लिव्हर तिचं एंडॉक्सिफेन बनवतं तेव्हा ती कामाला लागते. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी २०१९ साली टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या थोड्या बायकांना कर्क्युमिन आणि पायपरीन देऊन पाहिलं, तर एंडॉक्सिफेन सुमारे १२ टक्क्यांनी खाली आलं. आकडा छोटा वाटेल. पण ज्या बाईचं एंडॉक्सिफेन आधीच काठावर आहे तिला तेवढंही परवडत नाही. आणि लिव्हरचं म्हणाल तर हळदीच्या कॅप्सूलनंतर कावीळ झालेल्या लोकांची नोंद इटलीत २०१९ मध्ये झाली, अमेरिकेतही झाली. ग्रीन टीच्या अर्काबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्येच सांगितलं आहे की त्यातला ईजीसीजी हा घटक रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेला तर लिव्हरला इजा झाल्याच्या खुणा दिसतात. कपातला ग्रीन टी वेगळा, तो खुशाल प्या. मला स्वतःला तो गवताच्या काढ्यासारखा लागतो, पण ती माझी अडचण.

गव्हांकुराच्या पावडरीबद्दल लिहायला काही नाही. महागडी पालेभाजी आहे.

तुम्ही म्हणाल, मग हळदीवर इतकी संशोधनं येतात ती काय खोटी? खोटी नाहीत. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी वाढवतात, वर कर्क्युमिन ओततात, पेशी मरतात. हे खरंच घडतं. पण बशीतल्या पेशी साबणाच्या पाण्यानंही मरतात. बशीतून उंदराकडे, उंदराकडून माणसाकडे येताना शंभरातल्या नव्याण्णव गोष्टी वाटेत गळतात. लक्ष्मणफळ "केमोपेक्षा १०,००० पट प्रभावी" हा तुमच्या ग्रुपवरचा आकडाही असाच बशीतला आहे. १९९६ मध्ये त्या झाडातून काढलेल्या एका रसायनाची आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर एका औषधाशी तुलना झाली होती, त्यातला तो आकडा. माणूस त्यात कुठेच नव्हता. फॉरवर्डमध्ये हे वाक्य गाळलं जातं. आणखी एक गाळलं जातं: कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा नेहमी घेणाऱ्या लोकांत पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार जास्त दिसला आणि संशयाची सुई या फळावर गेली. एखादं फळ गोड लागलं म्हणून खाल्लंत तर काही होणार नाही. पानांचे काढे नकोत.

जर्दाळूच्या कडू बिया मात्र एकही नको. त्यातल्या अमिग्डॅलिनला "व्हिटॅमिन बी १७" असं नाव देऊन विकतात. असं कुठलंही व्हिटॅमिन नाही. पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. अमेरिकेत लोकांच्या आग्रहामुळे १९८२ साली त्याची १७८ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. कुणीही बरं झालं नाही, कुणाचा आजार थांबला नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलं. चाळीस वर्षं झाली, बी अजून मेसेजातून उगवतेच आहे.

आता तुम्हाला एक गोष्ट सविस्तर सांगते. मी नोकरीला लागून काही वर्षंच झाली होती तेव्हाची, आणि तिनं माझी डॉक्टरकी बदलली. १९८० च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं की जे लोक भाज्या-फळं भरपूर खातात, ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त आहे, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो. बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजराचा, भोपळ्याचा, पपईचा केशरी रंग. पालकात-मेथीतही असतो, हिरव्याखाली झाकलेला. मग कुणालाही सुचेल तेच त्यांना सुचलं: हाच रंग गोळीत भरून द्यावा. फिनलंडमध्ये विडी-सिगारेट ओढणारे २९,१३३ पुरुष निवडले. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी. पाच ते आठ वर्षं हे चाललं. १९९४ साली निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त.

कमी नव्हे, जास्त.

आम्हाला वाटलं छपाईची चूक असेल. पण तेव्हा अमेरिकेतही अशीच चाचणी चालू होती, १८,३१४ लोकांवर, सिगारेट ओढणारे आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले. त्यांना बीटा-कॅरोटीनसोबत अ जीवनसत्त्वही दिलं होतं. तिथे कॅन्सर २८ टक्के जास्त आणि मृत्यू १७ टक्के जास्त निघाले. जानेवारी १९९६ मध्ये ती चाचणी मुदतीच्या एकवीस महिने आधी बंद केली. हे लोक भोंदू नव्हते. जगातले उत्तम डॉक्टर होते, हेतू चांगला होता, गोळी शुद्ध होती. आणि गोळीतला पदार्थ निसर्गातला होता.

गाजराचा यात काही गुन्हा नाही. गाजर खाणारा माणूस गाजराबरोबर चोथा खातो, दुसरे शेकडो घटक खातो, आणि त्या वेळी बहुधा वडापाव खात नसतो. रक्तातलं कॅरोटीन ही त्या सगळ्या जेवणाची पावती होती. आपण पावतीच्या झेरॉक्स काढल्या आणि समजलो की बाजार भरला. शिवाय जळत्या सिगारेटच्या धुरात त्या रंगाचे एवढे मोठे डोस स्वतःच बिघडतात आणि फुप्फुसाला त्रास देतात, असंही प्रयोगांत दिसलं. म्हणून आजही विडी-सिगारेट ओढणाऱ्याला मी बीटा-कॅरोटीनची गोळी घेऊ देत नाही, आणि भोपळ्याची भाजी मात्र दोन वाट्या वाढते.

याच संदर्भात टाटा रुग्णालयाच्या शंभर रुपयांच्या गोळीची बातमी तुम्ही वाचली असेल, फेब्रुवारी २०२४ मधली. द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेरॅट्रॉल आणि थोडं तांबं. कल्पना हुशार आहे. पण त्यातली गंमत बघा, ती गोळी अँटिऑक्सिडंट म्हणून, म्हणजे ऑक्सिजनच्या आक्रमक कणांना आवर घालणारी म्हणून, काम करत नाही. उलट दोन्ही मिळून ऑक्सिजनचे तेच आक्रमक कण तयार करतात ज्यांच्या नावानं एरवी सगळे बोटं मोडतात, आणि मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेले गुणसूत्रांचे तुकडे निकामी करतात. पुष्कळसं काम उंदरांवर झालंय, माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत. मोठ्या चाचण्या होऊ देत. तोवर द्राक्षं खा, तासगाव तुमच्या शेजारीच आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, काय खावं. इथे मला स्वयंपाकघरात जाऊ द्या.

माझी आई लोणच्यासाठी मोहरी फेसायची. मोहरीची डाळ बारीक करून थोडं थोडं पाणी घालत ती परातीत हातानं फेटत राहायची. पहिली दोन मिनिटं काही नाही. मग एकदम असा झणका यायचा की आम्ही पोरं डोळे पुसत मागच्या दारी पळायचो. तेव्हा कळलं नाही, पण परातीत जे घडत होतं त्यावरच पुढे मोठमोठ्या प्रयोगशाळा चालल्या. मोहरीच्या दाण्यात दोन वस्तू वेगवेगळ्या कप्प्यांत असतात: एक गंधकयुक्त रसायन आणि एक विकर, म्हणजे एन्झाइम. दाणा शाबूत आहे तोवर त्यांची भेट होत नाही. भरडला, पाणी लागलं, की भेट होते आणि तो झणझणीत पदार्थ तयार होतो. मोहरीनं हा उद्योग आपल्या लोणच्यासाठी मांडलेला नाही. कुरतडणाऱ्या किड्याच्या तोंडात स्फोट व्हावा म्हणून मांडलाय. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, अळीव, सगळं हेच खानदान. ब्रोकोलीही यातलीच, फक्त इंग्रजी शाळेत गेलेली. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलालय यांच्या गटानं ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं केलं आणि दाखवलं की ते शरीराच्या साफसफाईच्या एन्झाइमांना कामाला लावतं. आपलं शरीर या तिखटाला सौम्य विष समजतं आणि झाडू हातात घेतं. त्या झाडूनं दुसरीही घाण जाते. चीनमधल्या छीतुंग भागात २९१ लोकांना बारा आठवडे ब्रोकोलीच्या मोडांचं पेय दिलं, तर लघवीतून बाहेर पडणारं बेन्झीन ६१ टक्क्यांनी वाढलं, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. हवेतलं हे विष कॅन्सर करणारं आहे. ब्रोकोलीनं कॅन्सर टळला असं यातून सिद्ध होत नाही. पण बशीतल्या पेशींपेक्षा हा पुरावा जिवंत माणसाच्या कितीतरी जवळचा आहे.

उकळत्या पाण्यात ते एन्झाइम मरतं. म्हणून कोबी चिरा, पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा, मग फोडणीला टाका, आणि कुकरला लावून लगदा करू नका. फोडणीतली तडतडलेली मोहरी वासाला छान, पण तिच्यात तो झणका उरलेला नसतो. मुळ्याची कोशिंबीर, कच्च्या कोबीची पचडी, कोकणातलं-गोव्यातलं आंब्याचं सासव ज्यात मोहरी कच्चीच वाटतात, यांत तो जिवंत असतो. लसणीचंही असंच. अख्ख्या पाकळीला वास नसतो, ठेचली की येतो, कारण तिथेही दोन कप्पे आहेत. ठेचून दहा मिनिटं ठेवा, मग तेलात टाका. टोमॅटोचं मात्र उलट: त्याचा लाल रंग, लायकोपीन, तेलात शिजल्यावर जास्त अंगी लागतो. म्हणजे सार-रस्सा करणाऱ्या आपल्या बायका काही चुकत नव्हत्या.

यातली कुठलीही एक वस्तू म्हणजे कॅन्सरचं कुलूप असं मी म्हणणार नाही. जगभरचा पुरावा तपासणारी तज्ज्ञमंडळी जेव्हा अन्नाबद्दल ठामपणे बोलतात तेव्हा ती फारच साध्या गोष्टी बोलतात. उदाहरणार्थ, रोज ९० ग्रॅम अख्खं धान्य खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर सुमारे १७ टक्के कमी आढळतो. ९० ग्रॅम म्हणजे ज्वारीच्या दीड भाकरीचं पीठ. यालाही मी हमी म्हणत नाही, पण बाटलीतल्या कशापेक्षाही हा पाया भक्कम आहे. पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवतं, हे तर पक्कं आहे. तुम्ही ४६ च्या आहात. साडेतीन हजारात महिनाभर घरातल्या पाचही जणांना ताज्या भाज्या, शेंगा, फळं मिळतील आणि चालायच्या चपलाही येतील. जवसाची चटणी, कारळं, मोड आलेली मटकी हे सगळं चालू ठेवा. सोयाबीनला घाबरायचं कारण नाही, बहिणीनंही नाही. जेवणात चालेल, अर्काच्या गोळ्या नकोत. शेंगदाणे मात्र निवडून घ्या. बुरशी धरलेला, काळपट, कडवट दाणा दिसला की भाजून कुटात खपवू नका, फेकून द्या. त्या बुरशीचं ॲफ्लाटॉक्सिन लिव्हरचा कॅन्सर करतं, आणि भाजल्यानं ते पुरतं जात नाही. तेही शंभर टक्के नैसर्गिक आहे बरं का.

"झाडापासूनच आहे, मग अपाय नाही ना" या तुमच्या वाक्यासाठी मी तुम्हाला परसातली सदाफुली दाखवते. १९५० च्या दशकात कॅनडात ती मधुमेहासाठी तपासायला घेतली होती. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धाडकन खाली आल्या. त्यातूनच व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन मिळाली. रक्ताच्या कॅन्सरची किती पोरं आज त्या औषधानं जगली आहेत! आपल्या सह्याद्रीतला नरक्या, ज्याची चोरटी तोड होते म्हणून पेपरात नाव येतं, त्यातलं कॅम्पटोथेसिन हेही केमोच्या औषधांचं मूळ. म्हणजे केमोतली कितीतरी "केमिकलं" झाडाचीच आहेत. ती मोजून, शिरेतून, रक्त तपासत देतात. तीच सदाफुलीची पानं शुगरसाठी रोज चावणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की मला आधी दुसरंच काहीतरी भयंकर वाटलं. पानं बंद केली, पेशी चढल्या.

आता माझ्या तीन खुणा.

पहिली खूण: "तंबाखू कुणाला नाही, फक्त सासूबाई मिश्री लावतात." ताई, मिश्री म्हणजे तंबाखू. तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला, म्हणजे तंबाखूचं विष आहेच, वर जळण्यानं तयार झालेलं आणखी. हिरडीवर बोटानं चोळून बाया तासभर तशाच बसतात. मी सासूबाईंना दोष देत नाही. त्यांच्या पिढीत दातदुखीवर हेच औषध होतं आणि सकाळच्या कामाआधीचा तो एकच निवांत वेळ असायचा. एकदम सोडायला लावलंत तर चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही, आणि त्या लपून लावतील. दिवसाच्या वेळा मोजा, आठवड्याला एक कमी करा, दातांच्या डॉक्टरांकडे न्या, कारण दुखणारा दात राहिला तर मिश्री सुटत नाही. आणि त्या निमित्तानं तोंड बघून घ्या. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारं छाळं, काहीही दिसलं तर थांबू नका.

दुसरी खूण सुपारीवर. नुसती, तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००३ सालीच ठरवलं आहे. तुम्ही वनस्पतीतल्या नैसर्गिक घटकाबद्दल विचारलंत ना? अरेकोलीन, सुपारीतलं, अगदी अस्सल नैसर्गिक. त्यानं गालाच्या आतली त्वचा कडक होत जाते, तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडेनासं होतं. आज रात्री मिस्टरांना सांगा, आपली तीन बोटं उभी करून तोंडात घालून बघा. जात नसतील तर उद्याच दाखवायचं. बडीशेप-ओवा-तीळ भाजून डबीत भरून द्या. जेवणानंतर हाताला डबी लागते, आतलं हळूहळू बदलता येतं.

तिसरी खूण, "राहून गेलं." सख्ख्या बहिणीला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झालेला असताना तुमची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, ही उसाच्या तोडीनंतरची गोष्ट नाही. याच महिन्यात करा. बहिणीच्या डॉक्टरांना हेही विचारा की तिची जनुक तपासणी करायला हवी का. ती आधी तिची होते; तिच्यात दोष सापडला तर मग तुमची. आणि त्याच फेरीत गर्भाशयाच्या मुखाचीही तपासणी करून घ्या. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या लोकांनी सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास केला, तुमच्याच वयाच्या, तिशी ते साठीच्या, शेतात राबणाऱ्या. त्यातल्या एका गटाची, हा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी फक्त एक तपासणी, आयुष्यात एकदा. २००९ मध्ये निकाल आला, त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. कुठल्याही मुळीनं, पाल्यानं किंवा कॅप्सूलनं असा आकडा मी अजून पाहिलेला नाही.

आणि त्याच विषाणूवरची लस तुमच्या लेकीसाठी आहे. पंधरावा वाढदिवस होण्याआधी पहिला डोस पडला तर सहा महिन्यांच्या अंतरानं दोनच लागतात, नंतर सुरू केली तर तीन. आपल्या पुण्यात बनणारी लसही आता मिळते. डिसेंबरच्या आधीची तारीख बालरोगतज्ज्ञांकडून घेऊन टाका. कॅप्सूलवाल्या बाई या महिन्यात आल्या की तो खर्च इकडे वळवलाय असं सरळ सांगा, नणंदेला वाईट वाटलं तर माझं नाव पुढे करा.